अर्ज, पोच आणि जबाब

आठवीच्या वर्गास अर्जलेखन शिकविण्याची पाळी दरवर्षी येते. फळ्याच्या उजव्या अंगास गाव आणि दिनांक, डाव्या अंगास ‘प्रति’, त्याखाली विषय, मग ‘माननीय महोदय’ आणि अखेरीस ‘आपला नम्र’, असा सांगाडा आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे काढीत आलो आहोत. नमुन्यादाखल घेतलेला मजकूरही बहुधा ठरलेलाच असतो. आळीतील दिवे बंद आहेत, नळास पाणी येत नाही, सबब नगरसेवकांनी किंवा आमदारांनी लक्ष घालावे, ही विनंती. दोन वर्षांपूर्वी असाच तास चालू असता मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, ‘सर, अर्ज कसा लिहायचा ते पुस्तकात आहे; उत्तर कसे लिहायचे ते कोणत्या इयत्तेत आहे?’ वर्ग हसला, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र आमच्या ध्यानात आले, की प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अर्ज लिहिण्याचे शिक्षण आपण पिढ्यानपिढ्या देत आलो. उत्तर देण्याचे शिक्षण कोणी कोणास दिले, आणि ते मागण्याचा हक्क आपल्या लोकांस केव्हा व कसा प्राप्त झाला, याचा विचार आम्ही कधी केलेला नव्हता. प्रस्तुत लेख हे त्या विद्यार्थ्याला दिलेले उशिराचे उत्तर होय.

प्रथम शब्दांकडे पाहू. जुन्या मराठी पत्रव्यवहारात धाकट्याने थोरास लिहावयाचे ते ‘सेवेसी’ लिहावयाचे, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ घालून लिहावयाचे, आणि म्हणणे मांडावयाचे ते ‘विज्ञापना’ म्हणून. या रीतीत भाषेचे सौंदर्य पुष्कळ आहे. पण तीमागील नाते स्पष्ट आहे. रयतेचा अर्ज धन्याच्या पायाशी जाई. उत्तर आले तर ती कृपा, न आले तर तक्रारीस जागा नाही. त्या काळी उत्तरे येत नसत असे मात्र नव्हे. ओसाड गाव पुन्हा वसवावयाचे असे, पळालेल्या कुळांस परत बोलावावयाचे असे, तेव्हा सरकार त्यांस कौल देई, म्हणजे अमुक वर्षे अमुक सारा घेऊ, उपद्रव होऊ देणार नाही, असा लेखी शब्द देई. तो शब्द वरून खाली येत असे, हे ध्यानात ठेवावे. आज आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतो तेव्हा तोच शब्द खालून वर जातो. ‘प्रतिनिधी’ या शब्दाचेही तसेच झाले. छत्रपतींच्या राज्यात प्रतिनिधी हे राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याचे पद होते; आज प्रतिनिधी तो, जो लोकांच्या वतीने बोलतो. शब्द तेच राहिले, त्यांची तोंडे फिरली. ती कशी फिरली हाच या लेखाचा विषय.

या वाटेवरील पहिला मोठा प्रवासी म्हणजे रंगो बापूजी गुप्ते. १८३९ साली कंपनी सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांस पदच्युत करून काशीस रवाना केले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संबंध ठेवल्याचा आणि कंपनीच्या शिपायांस फितविल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आपली रीतसर चौकशी व्हावी व आपले म्हणणे ऐकून घ्यावे, एवढेच महाराजांचे मागणे होते. ते मागणे घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे राहिले. परकी हवा, परकी भाषा, हाती पैसा अपुरा. अशा स्थितीत ते इंग्रजी शिकले, अर्जांमागून अर्ज लिहिले, पत्रके छापविली आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून वाद घातला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रंगो बापूजींनी ज्यांस लिहिले ते एका अर्थी निवडून आलेलेच लोक होते. कंपनीच्या संचालकांची निवड भागधारक करीत, आणि ज्याच्यापाशी एक हजार पौंडांचा हिस्सा असे त्यास एक मत मिळे. पार्लमेंटचे सभासद तर मतदारांनी निवडलेले होतेच. त्यांपैकी जोसेफ ह्यूम यांच्यासारख्यांनी साताऱ्याची बाजू मनापासून मांडली. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले प्रसिद्ध वक्ते जॉर्ज टॉम्सन यांनी आपले वक्तृत्व या कामी खर्च केले. तरीही निष्पन्न काय झाले? १८४७ साली प्रतापसिंह महाराज काशीस निवर्तले. १८४८ साली त्यांचे बंधू शहाजी महाराज वारले, तेव्हा डलहौसीने औरस वारस नाही या सबबीवर सातारचे राज्यच खालसा केले. १८५३ साली रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतीच्या मार्गास लागले. १८५७ च्या धामधुमीत साताऱ्याचा कट उघडकीस आला, त्यांच्या मुलास फाशी देण्यात आले, आणि ते स्वतः सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. प्रबोधनकार ठाकरे यांनी या प्रकरणावर ग्रंथ लिहिला, त्यामुळे मराठी वाचकांस ही कथा अपरिचित नाही.

रंगो बापूजींचे अपयश हे त्यांच्या लेखणीचे अपयश नव्हते. संचालक निवडलेले होते, पण साताऱ्याच्या रयतेने नव्हे. सभासद जबाबदार होते, पण ते आपापल्या मतदारसंघास. साताऱ्याहून आलेल्या मनुष्यास उत्तर न दिल्याने त्यांपैकी कोणाचीही जागा जाणार नव्हती. ज्याला उत्तर न देण्याबद्दल काहीच गमवावे लागत नाही, त्याच्याकडून येणारे उत्तर ही पुन्हा कृपाच ठरते; मग तो सिंहासनावर बसलेला असो वा निवडून आलेला असो. चौदा वर्षांच्या त्या खटपटीतून हा एक धडा निघाला आणि पुढच्या पिढीने तो बरोबर वाचला.

रंगो बापूजी अद्याप लंडनमध्येच असता, १८५२ साली, मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. कंपनीच्या सनदेचा प्रश्न पार्लमेंटपुढे येणार होता. ती संधी साधून असोसिएशनने पार्लमेंटकडे अर्ज धाडला. आता लिहिणारा एका राजाचा वकील नव्हता, तर शहरातील नागरिकांची संस्था होती. तथापि ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा प्रश्न शिल्लक होता. मूठभर शिकलेले लोक एकत्र येऊन सर्वांच्या नावाने लिहितात, असे सरकारास सहज म्हणता येई.

त्या प्रश्नाचे उत्तर पुण्याने शोधले. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेची स्थापना झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, हे तिचे प्राण. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून ही चळवळ उभी राहिली, आणि बोलणाऱ्यांनी आपण कोणाचे ते दाखवावे, हा मुद्दा पुढे आला. म्हणून सभेने नियम केला, की सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. मुखत्यारपत्र हा कोर्टकचेरीतला शब्द. जमिनीचा वाद चालवावयास ज्यास अधिकार द्यावयाचा त्यास ते लिहून देत. तोच कागद काकांनी सार्वजनिक कामास लावला. मताधिकाराचा कायदा देशात होण्यापूर्वीच पुण्याच्या आळीआळींतून लोक आपले प्रतिनिधी लेखी नेमू लागले. सभेचे पहिले अध्यक्ष औंधचे पंतप्रतिनिधी असावेत, हा योगायोग आम्हांस नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. ज्या घराण्याच्या नावात राजाचे प्रतिनिधित्व होते, त्याच्याच अध्यक्षतेखाली लोकांचे प्रतिनिधित्व आकारास येऊ लागले.

१८७५ साली सभेने आणखी पुढचे पाऊल टाकले. हिंदुस्थानास पार्लमेंटात प्रत्यक्ष प्रतिनिधित्व मिळावे, असा अर्ज तिने कॉमन्स सभेकडे केला. अमुक कर कमी करा, अमुक अधिकारी बदला, असे हे मागणे नव्हते. ज्याने आम्हांस उत्तर द्यावे तो आम्ही निवडलेला असावा, हे ते मागणे होते. रंगो बापूजींच्या अपयशाचे मर्म जणू येथे एका वाक्यात उतरले होते. मागणी मान्य झाली नाही, हे सांगावयास नकोच.

याच सभेच्या इतिहासात एक प्रसंग आहे. तो सार्वजनिक जीवनात पडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असे आम्हांस वाटते. गोपाळ कृष्ण गोखले तरुणपणी सभेचे काम पाहत असता एका निवेदनासाठी त्यांनी अपार परिश्रम घेतले. आकडे जमविले, सरकारी अहवाल चाळले, एकेक वाक्य तोलून लिहिले. सरकारकडून आलेले उत्तर दोन ओळींचे होते : निवेदन पोहोचले, मजकुराची नोंद घेतली. गोखले खट्टू झाले आणि आपले मन त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्यापाशी उघडे केले. रानड्यांनी दिलेले उत्तर गोखल्यांनीच पुढे सांगून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की ही निवेदने नावापुरती सरकारास लिहिलेली असतात, खऱ्या अर्थाने ती आपल्या लोकांसाठी असतात. अशा गोष्टींचा विचार कसा करावा हे लोकांनी त्यांतून शिकावयाचे आहे, आणि या प्रकारचे राजकारण या भूमीत अगदी नवे असल्यामुळे फळाची अपेक्षा न धरता हे काम पुष्कळ वर्षे करावे लागणार आहे.

हे बोलणे थोर आहे, यात संशय नाही. शिक्षकाच्या मनाला तर ते विशेष पटते. कारण आपणही जे पेरतो त्याचे पीक आपल्या डोळ्यांदेखत क्वचितच येते. तथापि या उपदेशाचा गैरउपयोग होऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे. रानडे बोलत होते ते परकी सरकारच्या काळात, जेव्हा उत्तर मागण्याचा हक्कच नव्हता. तेव्हा ‘उत्तराची अपेक्षा धरू नका’ हे धैर्याचे वाक्य होते. आज स्वराज्यात तेच वाक्य कोणी उच्चारील तर ते आळसाचे होईल. दोन ओळींच्या त्या कागदास आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे. त्यास ‘पोच’ म्हणतात. पोच म्हणजे पत्र पोहोचल्याची खूण. तीस जबाब म्हणता येत नाही.

काही जबाब मात्र फार उशिरा येतात आणि तरीही ते जबाबच असतात. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. सरकारचा बहुतांश महसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गास होतो, असे दाखवून त्यांनी मागणी केली, की सर्वसामान्यांच्या मुलांस निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. आयोग नेमलेला होता, निवडलेला नव्हता. मागणी बाजूस राहिली. पण विषय बुडाला नाही. १८९३ साली सयाजीराव गायकवाडांनी बडोदे राज्याच्या अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध राज्यास लागू केला. बडोद्याच्या आमच्या बंधूंनी याचा अभिमान बाळगावा, यात नवल नाही. १९११ साली गोखल्यांनी हाच विषय विधेयकाच्या रूपाने वरिष्ठ कायदेमंडळापुढे आणला. पुढील वर्षी मतदान झाले. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. विधेयक पडले खरे, पण येथे एक मोठा फरक झाला होता. फुल्यांना मौन मिळाले होते. गोखल्यांना नकार मिळाला. तोही उघड सभेत, कारणे सांगून व नावानिशी मते देऊन मिळाला. कारणांसह आलेला नकार हाही जबाबच आहे, कारण कारणे खोडून काढता येतात. शतक उलटून गेल्यावर स्वतंत्र भारताच्या संसदेने २००२ साली शिक्षणाचा मूलभूत हक्क संविधानात घातला, २००९ साली त्याचा कायदा केला, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस विनामूल्य व सक्तीचे शिक्षण हा हक्क अंमलात आला. १८८२ च्या निवेदनास जबाब मिळावयास १२८ वर्षे लागली. आणि तो दिला कोणी, तर फुल्यांनी ज्यांची कड घेतली त्यांच्या वंशजांनी निवडलेल्या सभागृहाने.

मधल्या काळात उत्तर मागण्याची साधने एकेक करून हाती येत होती. १८९२ साल या दृष्टीने स्मरणीय आहे. त्या वर्षी दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून कॉमन्स सभेवर निवडून आले. पडलेल्या मतांतील अंतर हाताच्या बोटांवर मोजता येईल इतके अल्प होते. हेच दादाभाई १८७४ साली बडोद्याचे दिवाण होते. मत फिन्सबरीचे, पण हिंदुस्थानातील लोक त्यांस आपलाच सभासद मानून लिहीत. आणि दादाभाई पत्रांस उत्तरे देणारे गृहस्थ होते, याची साक्ष त्यांच्या जतन झालेल्या हजारो कागदांत आहे. १८९३ साली आय. सी. एस. ची परीक्षा इंग्लंडप्रमाणे हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव कॉमन्स सभेने संमत केला. सरकारने तो अंमलात आणला नाही. हिंदुस्थानात ती परीक्षा घेण्यास १९२२ साल उजाडावे लागले. आपला मनुष्य सभागृहात असला म्हणजे प्रश्न विचारला जातो, पण ज्यांनी अंमल करावयाचा ते आपल्याला बांधलेले नसतील तर ठरावही पोचेसारखाच राहतो, हे यावरून दिसून आले.

त्याच १८९२ सालच्या कायद्याने येथील कायदेमंडळांतील सभासदांस सरकारास प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. उत्तर अपुरे असले तरी पुन्हा विचारण्याची सोय नव्हती. १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्न विचारणाऱ्यास उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली. वर्गात प्रश्नोत्तरे घेणाऱ्यांस या फरकाचे महत्त्व सांगावयास नको. पहिल्या उत्तराने मुलाला काय येते ते कळते. दुसऱ्या प्रश्नाने काय येत नाही ते कळते. आज लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखलेला असतो, त्याची वंशावळ इथवर पोहोचते.

२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री मॉंटेग्यू यांनी हिंदुस्थानात क्रमाक्रमाने ‘जबाबदार राज्यपद्धती’ आणण्याचे ब्रिटिश सरकारचे धोरण जाहीर केले. ‘जबाबदार’ हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्याचा अर्थ झिजून गेला. फारसीतून आलेल्या या शब्दाच्या पोटात ‘जबाब’ आहे. ज्याच्यापाशी जबाब आहे, ज्याने जबाब द्यावयाचा आहे, तो जबाबदार. हिंदीतील ‘उत्तरदायी’ या शब्दातही तेच आहे, आणि इंग्रजी शब्दाच्या मुळातही उत्तर देण्याचाच अर्थ आहे. तीन भाषांनी मिळून एकच गोष्ट सांगावी यात काही तथ्य असले पाहिजे. राज्यकारभार चांगला करणे ही सुराज्याची कसोटी झाली. चांगला राजाही ती उतरतो. कारभाराचा जबाब देणे ही स्वराज्याची कसोटी होय. १९३७ साली प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे आली. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींवर लोकांस मताधिकार मिळाला. पन्नास सह्यांच्या मुखत्यारपत्राची जागा एका मतपत्रिकेने घेतली. तेव्हापासून आपण प्रतिनिधीस जे पत्र लिहितो, ते विज्ञापना राहिलेले नाही. ते मुखत्यारपत्र देणाऱ्याने मुखत्यारास लिहिलेले पत्र आहे.

आता आमच्यासारख्यांचा, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचा, प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आणि पुढील फेरबदलांनंतर आपल्यापैकी अनेकांच्या प्रतिनिधींची भाषा वेगळी झाली. आपले पत्र मराठीत आणि ज्याने वाचावयाचे तो कानडी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारा, अशी स्थिती आहे. संविधानाने या स्थितीची दखल घेतली आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, यथास्थिती संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करण्याचा हक्क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्यास दोन जोड मिळाले. ३५० क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले, आणि ३५० ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. त्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावयाचे असतात.

अनुच्छेद ३५० वाचताना शिक्षकाची नजर मात्र एका जागी थांबते. निवेदन कोणत्या भाषेत करावे हे तेथे आहे. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, किंबहुना द्यावेच की नाही, हे तेथे नाही. गोव्याने या बाबतीत एक चांगला पायंडा पाडला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या शासकीय वापरास मुभा राहिली, आणि मराठीत आलेल्या पत्रास मराठीतून उत्तर देण्याचे धोरण स्वीकारले गेले. लोकसभेकडे याचिका पाठवावयाची असेल तर तिची भाषा आदराची व संयमाची असावी लागते, शेवटी नेमकी मागणी असावी लागते, आणि इंग्रजी-हिंदीखेरीज अन्य भाषेत ती असेल तर सोबत भाषांतर जोडावे लागते. यात आम्हांस अपमान वाटत नाही. रंगो बापूजी परक्यांच्या दारी परक्यांची भाषा शिकले. आपण आपल्याच घरात शेजाऱ्याची भाषा जाणली तर बिघडले कोठे? मूळ पत्र मराठीत लिहावे, सोबत राज्यभाषेतील भाषांतर द्यावे, हा मार्ग आम्ही अनुभवाने पत्करला आहे.

तो अनुभवही येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आमची शाळा मराठी माध्यमाची. काही वर्षांपूर्वी मराठीच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. नववी-दहावीचे तास आम्ही मुख्याध्यापकाचे काम सांभाळून घेत होतो. एका लोकप्रतिनिधीस आम्ही पत्र लिहिले. चार पृष्ठांच्या त्या पत्रात शाळेचा इतिहास होता, संस्थापकांचे स्मरण होते, मातृभाषेचा गौरव होता. जागा रिकामी असल्याचा मजकूर तिसऱ्या पृष्ठाच्या तळाशी होता. उत्तर आले नाही. आज ते पत्र पुन्हा वाचताना उत्तर न देणाऱ्याचा राग अर्ध्यावर येतो. दुसरे पत्र एका पृष्ठाचे लिहिले. त्याची पोच आली : पत्र मिळाले, संबंधित खात्याकडे पाठविले. ती पोच आम्ही सूचनाफलकावर लावली. मुले येता-जाता वाचीत आणि ‘मग शिक्षक केव्हा येणार?’ असे विचारीत. आमच्यापाशी जबाब नव्हता.

तिसरे पत्र आम्ही दुसऱ्या एका लोकप्रतिनिधीस लिहिले. आमचा त्यांचा परिचय नव्हता. भाषाही एक नव्हती. तीन आठवड्यांनी त्यांच्या सहीचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते, की ही जागा भरणे या वर्षी शक्य नाही. कारण मंजूर पदांची संख्या पटावर ठरते आणि आपल्या शाळेचा पट ठरलेल्या आकड्याहून सहाने कमी आहे. पट वाढल्यास पुन्हा लिहावे, मी पाठपुरावा करीन. नकार होता. पण त्या रात्री आम्ही फार दिवसांनी शांत झोपलो. काय कमी आहे ते कळले होते. दुसऱ्या दिवसापासून शिक्षक आणि पालक वस्तीवस्तीत फिरले. पुढील वर्षी नऊ मुले वाढली. आम्ही पुन्हा लिहिले, त्यांनी शब्द पाळला, आणि त्यानंतरच्या वर्षी शिक्षक रुजू झाले. पहिल्या प्रतिनिधीने गोड बोलून आमची दोन वर्षे घेतली. दुसऱ्याने नाही म्हणून आम्हांस कामास लावले.

अलीकडे उत्तर मिळविण्याची साधने वाढली आहेत. गोव्याने १९९७ सालीच माहितीच्या हक्काचा कायदा केला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने सामान्यतः तीस दिवसांत माहिती देण्याचे बंधन सर्वत्र आले. अर्ज व त्याचे उत्तर यांमध्ये दिवसांची मुदत घालणारा हा कायदा आमच्या मते स्वातंत्र्योत्तर काळातील मोठ्या सुधारणांपैकी एक होय. तक्रार घरबसल्या संगणकावरून नोंदविता येते आणि तत्क्षणी क्रमांक मिळतो. मात्र क्रमांक ही पुन्हा पोचच आहे. गोखल्यांना जी पोच काही दिवसांनी मिळाली, ती आपणांस काही क्षणांत मिळते. एवढ्यावर समाधान मानावयाचे कारण नाही.

या इतिहासातून आम्ही आमच्यापुरता निष्कर्ष काढला तो असा. लोकप्रतिनिधीने प्रत्येक मागणी मान्य करावी असा नागरिकाचा हक्क नाही. तशी अपेक्षा धरणे म्हणजे प्रतिनिधीस पुन्हा राजा करणे होय, कारण सर्वांचे सर्व मागणे पुरविण्याचा आव केवळ राजेच आणू शकत. नागरिकाचा हक्क आहे तो जबाबाचा, म्हणजे होय किंवा नाही याचा आणि त्यामागील कारणाचा. त्याच्या बदल्यात नागरिकावरही एक ऋण आहे. पत्र असे लिहावे की त्यास उत्तर देता येईल. एक विषय, एक मागणी, खरे आकडे, आणि ज्याच्या अधिकारात ती गोष्ट आहे त्यालाच पत्र. नगरपालिकेच्या नळासाठी खासदारास लिहिले आणि तो गप्प राहिला, तर दोष निम्मा आपला असतो.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर आम्ही अर्जलेखनाचा पाठ थोडा बदलला आहे. वर्गाचे दोन भाग करतो. अर्धी मुले अर्ज लिहितात. उरलेली अर्धी नगरसेवक, आमदार, खासदार होऊन त्यांस उत्तरे लिहितात. अट एवढीच, की ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य वापरावयाचे नाही. प्रथम मुले अडखळतात. उत्तर लिहावयाचे म्हणजे दिवा का बंद आहे, पाणी कोठून येते, पैसा कोणाच्या हाती आहे, हे विचारावे लागते. आणि ते विचारावयास ती खरोखरच पालिकेच्या कचेरीत जातात. मागील वर्षी एका मुलीने लिहिलेल्या उत्तराचा आरंभ असा होता : ‘आपली मागणी बरोबर आहे, पण ती आमच्याने यंदा होणार नाही, आणि त्याचे कारण मी सांगते.’ त्या उत्तरास आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले. ज्याने प्रश्न विचारला होता तो मुलगा आता दहावीत आहे. हा लेख छापून आल्यावर त्याची एक प्रत आम्ही त्यास देणार आहोत. त्याच्या पत्राचा जबाब आमच्याकडे दोन वर्षे येणे होता.